उघडिपीचा दाखला

पहिले महायुद्ध संपून बरीच वर्षे झाली होती आणि दुसरे सुरू व्हायला अजून अवकाश होता. अशा फावल्या काळात आमच्या संस्थानापुढे शस्त्रास्त्रांचा गंभीर प्रश्न उभा राहिला. परवानाधारक इसमाने आपली बंदूक घराबाहेर नेताना ती उघडी न्यावी की झाकून न्यावी, असा तो प्रश्न होता. वेल्ह्याच्या डोंगरभागात वापरातली परवान्याची बंदूक एकच होती आणि तीही ठासणीची, ही बाब चर्चेत कोणी मध्ये आणली नाही. प्रश्न तत्त्वाचा होता, आणि तत्त्वाला बंदुकांच्या संख्येशी काही कर्तव्य नसते.

ती एकुलती एक बंदूक हैबती धनगराची. तोरण्याच्या कुशीत, वेल्ह्यापासून अर्ध्या दिवसाच्या चढावर चार घरांचा धनगरवाडा होता, तिथे तो राहायचा. बंदूक बापाकडून आलेली. नळीत दारू ठासायची, वर छरे घालायचे आणि देवाचे नाव घेऊन बार काढायचा. परवान्यावर कारण लिहिले होते, 'वाघरापासून शेळ्यांचे संरक्षण'. वाघरू म्हणजे बिबट्या. तिकडे त्याला बिबट्या म्हटले तर तो ओळख देत नाही.

हैबतीच्या बायकोला, भामाबाईला, बंदुकीचे कौतुक नव्हते. तिचा सगळा जीव बांडीत होता. बांडी म्हणजे काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची दुभती शेळी. भामाबाईची सून बाळंतपणात गेली, मुलगा भीमा पोटासाठी कोकणात उतरला, आणि मागे राहिलेली तान्ही नात भागू बांडीच्या दुधावर वाढत होती. बाकीच्या शेळ्या काही गाभण होत्या, काही आटलेल्या. भागू रडली की बांडी चरणे सोडून आपणहून दारात येऊन उभी राही. वाघरू आलेच तर घरात बंदूक आहे, एवढ्या भरवशावर ते घर डोंगरावर टिकून होते.

आता एवढ्या उंचावरची बंदूक संस्थानच्या नजरेत आली कशी, ते सांगायला हवे. आदल्या पावसाळ्यात कोणी एक गोरा साहेब मडमेला घेऊन मोटारीने वेल्ह्याकडे निघाला आणि विंझरच्या पुढे चिखलात रुतला. हैबती त्याच रस्त्याने परवान्यावर शिक्का मारून घेऊन परत चालला होता. शिपायाने हाक मारली तसा तो मोटार ढकलायला आला. मात्र ढकलली त्याने एकाच हाताने, कारण दुसऱ्या हाताने तो घोंगडीखाली काहीतरी धरून होता. साहेबाने विचारले, खाली काय आहे. हैबतीने घोंगडी बाजूला करून दाखवले. मडम किंचाळली, साहेब मोटारीमागे गेला आणि मोटार, ढकलणारे सगळे पळाल्यामुळे, आणखी खोल रुतली. पुढे दरबारला इंग्रजीत एक पत्र आले. आपले प्रजाजन कांबळ्याखाली हत्यारे घेऊन फिरतात, हे आपणांस ठाऊक आहे काय, अशी त्यात सौम्य पृच्छा होती. एरवी दरबारला पुष्कळ गोष्टी ठाऊक नसायच्या, पण इंग्रजीत विचारल्यावर ठाऊक करून घ्याव्याच लागल्या.

विषय संस्थानच्या लोकप्रतिनिधी सभेपुढे आला. या सभेला एरवी रस्त्याकडेच्या झाडांची फांदीछाटणी याहून मोठा विषय मिळत नसे. त्यामुळे सभासदांना अगदी आभाळ ठेंगणे झाले.

विंझरचे चिमाजीराव पाटील उघडपक्षाचे पुढारी होते. ते म्हणाले, "आमचे वाडवडील तलवार लावून हिंडत होते, ती उजळ माथ्यानं. हत्यार दिसलं की समोरचा माणूस सभ्यपणानं वागतो. झाकलेली बंदूक म्हणजे मागून वार."

झाकपक्षाचे पुढारी राजधानीतले बापूसाहेब वकील. ते शांतपणे म्हणाले, "तलवार म्यानात असते, चिमाजीराव. म्यान म्हणजे झाकणच."

"पण म्यान दिसतं की. म्यान बघून कळतं, आत तलवार हाय."

"तसं घोंगडी बघून कळतं, आत धनगर आहे."

हशा झाला. मग बापूसाहेबांनी आवाज खाली आणला. "सभ्य गृहस्थहो, काही वस्तू प्रत्येकाजवळ असतात हे सर्वांना ठाऊक असतं. म्हणून त्या कोणी उघड्या घेऊन हिंडत नाही. यालाच आपण संस्कृती म्हणतो." सभेतल्या वडीलधाऱ्या मंडळींनी आपापली धोतरे सावरून घेतली, आणि त्या दिवशी झाकपक्षाची बरीच सरशी झाली.

मागच्या बाकावरून मावळातला एक सभासद उठून म्हणाला, "पावसात बंदूक उघडी नेली तर दारू भिजती. भिजलेली बंदूक उडत न्हाई. म्हून तो घोंगडीखाली नेतो." अध्यक्षांनी त्याला खाली बसवले. हवामान हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

वाद सभागृहाबाहेर पसरला. पंचाईत अशी होती, की दोन्ही पक्षांत कोणाकडेच बंदूक नव्हती. मग निष्ठा दाखवायची कशाने? ती छत्रीने दाखवण्यात येऊ लागली. उघडपक्षाचे लोक ऊन असो, सावली असो, छत्री उघडूनच हिंडू लागले. घरातही ती मिटायला ते तयार नसत, आणि पंगतीला बसताना शेजारच्याच्या डोळ्यांत काड्या जात. झाकपक्षाने छत्रीला अभ्रे शिवून घेतले आणि भर पावसातही छत्री अभ्र्यातून न काढता ते तत्त्वाने भिजू लागले. भोरच्या बाजारात छत्र्यांचा आणि काढ्याच्या पुड्यांचा खप सारखाच वाढला. छत्री पाहिल्याशिवाय सोयरिकी ठरेनाशा झाल्या. एका घरात सासरे उघडे आणि जावई झाकलेले निघाले, तेव्हा मुलीला दिवाळसणापर्यंत माहेरीच ठेवण्यात आले.

मतदानाच्या दिवशी जोराचा पाऊस होता. झाकपक्षाचे बरेच सभासद अभ्र्यातली छत्री काखेत धरून निघाले आणि थंडीताप भरून वाटेतून परत गेले. उघडपक्ष जिंकला. कायदा झाला. 'परवानाधारकाने अग्न्यस्त्र घराबाहेर नेणे ते उघडावस्थेतच न्यावे. कसूर केल्यास अग्न्यस्त्र जप्त करण्यात येईल.'

'उघडावस्था' हा शब्द खास या कायद्यासाठी घडवण्यात आला होता. तो घडवणाऱ्या शास्त्रीबुवांना शाल मिळाली.

वेल्ह्याच्या कचेरीत कारकुनाने हे कलम दवंडी देणाऱ्या रखमाजीला मोठ्याने वाचून दाखवले आणि पाठ करून घेतले. रखमाजी ते तोंडात घोळवत डोंगर चढू लागला. आषाढ होता. वेल्ह्यातला आषाढ ज्याने पाहिलेला नाही त्याला एवढेच सांगतो, की तिथे त्या महिन्यात आपलाच हात आपल्याला दुसऱ्याचा वाटतो. 'अग्न्यस्त्र' हा शब्द पहिल्याच ओढ्यात वाहून गेला. उरलेले घेऊन तो धनगरवाड्यात पोचला आणि हैबतीच्या वळचणीला उभा राहून त्याने हलगी वाजवली.

"ऐका हो ऐका. बंदूक घराभाईर न्यायची ती उघडी अवस्थेत न्यावी हो. न्हाईतर जप्त हो."

हैबतीने विचारले, "उघडी अवस्था म्हंजी रं काय?"

रखमाजीने कपाळावरचे पाणी निपटले आणि वर आभाळाकडे पाहिले. वेल्ह्यात आषाढात 'उघडणे' या शब्दाला एकच अर्थ असतो. लहान पोरालाही तो माहीत असतो आणि सगळे त्याचीच वाट बघत असतात.

"उघडीप की. दुसरं काय आसनार? उघडीप पडंल तवा बंदूक भाईर काढायची. पाऊस हाय तवर घरात."

हैबतीने मान डोलावली. "बराबर हाय. दारू भिजती म्हून आसंल. सरकारला कळतंया म्हनायचं." राजधानीतल्या माणसांना ठासणीच्या बंदुकीतले कळते, हे ऐकून त्याला भरून आले.

भामाबाई भागूला मांडीवर घेऊन चुलीपुढे बसली होती. ती आतूनच म्हणाली, "आन् वाघरू पावसातच आलं मंग?"

रखमाजीने पुन्हा एकदा सगळी दवंडी मनातल्या मनात म्हणून पाहिली. "वाघराचं त्यात काय न्हाई, भामाबाई."

वाघराला दवंडी कळली की नाही हे सांगता येत नाही, पण त्याने वागणूक तशी ठेवली. भरदिवसा, पाऊस आणि धुके एक झालेले असताना ते चरणीच्या उतारावर येई आणि एक शेळी घेऊन जाई. घाई म्हणून नाही. हैबती काठी आपटत, ओरडत धावे. बंदूक घरात मेढीला टांगलेली असे. ती नेली आणि जप्त झाली, तर मग वाघरू थेट उंबऱ्यात येईल, हे भय त्याला बांधून ठेवी. कळप विरळ होऊ लागला. भामाबाईने बांडीला घरातच खुंटीला बांधले आणि भर पावसात पाला कापून आणून तिच्यापुढे टाकू लागली.

एक दिवस ती म्हणाली, "खाली जाऊन इचारून तरी या."

हैबती घोंगडी पांघरून, हात मोकळे सोडून वेल्ह्याला उतरला. मामलेदारसाहेब कचेरीत होते.

"सायेब, उघडीप कवा हाय?"

"कसली उघडीप?"

"कायद्यातली."

मामलेदारसाहेबांनी कायदा काढला, वाचला, पुन्हा वाचला आणि चष्मा पुसला. 'उघडावस्थेत' म्हणजे बंदूक उघडी की आभाळ उघडे, याचा खुलासा खरोखरच कुठे नव्हता. दुसरा एखादा मामलेदार असता तर म्हणाला असता, अरे, तुझी समजूत चुकली. पण प्रजेची समजूत चुकली असे म्हणायचे तर कायदा समजण्यासारखा नव्हता असे होते, आणि ते लिहिण्याचा अधिकार मामलेदाराला नव्हता. त्यांनी वर विचारणा केली.

राजधानीत खळबळ उडाली. कायद्यात चूक असणे शक्य नव्हते, कारण तो गॅझेटात आला होता आणि शाल परत मागता येत नव्हती. बऱ्याच विचाराअंती खुलासा निघाला, की 'उघडावस्था' ही व्यापक संज्ञा असून तीत अग्न्यस्त्र आणि आकाश या दोहोंचा समावेश होतो. एकतरी झाकलेले असल्यास कायद्याचा भंग होईल.

"आता बंदूकही उघडी आणि आभाळही उघडं," चिमाजीराव म्हणाले. "आमचा दुप्पट विजय झाला."

"अख्खा पावसाळा बंदूक घरात झाकलेली राहणार," बापूसाहेब म्हणाले. "मत तुम्ही जिंकलात, बंदूक आम्ही."

दोन्ही पक्षांनी पेढे वाटले. धनगरवाडा लांब असल्यामुळे तिथवर पेढे पोचले नाहीत.

मग ओघानेच आले, की उघडीप पडली हे ठरवायचे कोणी? ज्याला त्याला आभाळाकडे बघून ठरवू दिले तर अराजक माजेल. म्हणून उघडीप-निर्णय समिती नेमण्यात आली. अध्यक्ष बापूसाहेब, सभासद चिमाजीराव, मुक्काम वेल्ह्याचा सरकारी बंगला. समितीने दाखला दिल्यावर तो जवळ ठेवून बंदूक बाहेर काढावी आणि पावसाचा पहिला थेंब पडताच दाखला रद्द समजावा, अशी व्यवस्था ठरली.

समितीचे काम जोमाने सुरू झाले. बाहेर पाऊस आहे की नाही हे पाहायला खिडकी उघडावी लागे. खिडकी उघडायला बापूसाहेबांचा तत्त्वतः विरोध होता. ती मिटलेली ठेवायला चिमाजीरावांचा होता. अखेर एक फळी उघडी आणि एक मिटलेली ठेवण्यावर तडजोड झाली, त्यामुळे समितीला पाऊस नेहमी अर्धाच दिसे. धुके म्हणजे पाऊस की काय, यावर स्वतंत्र बैठक झाली. धुके हा न पडलेला पाऊस असल्याने तो पडेपर्यंत निर्णय राखून ठेवण्यात आला. तोरण्याचा माथा दिसला तर उघडीप धरावी, असे चिमाजीरावांनी सुचवले. माथा दिसला म्हणजे गड उघडा पडला, आणि त्यात शोभा नाही, असे बापूसाहेबांचे म्हणणे होते.

इकडे वाघरू कोणाच्या बैठकीची वाट बघत नव्हते. कळपात आता बोटांवर मोजण्याइतक्या शेळ्या उरल्या होत्या. घरात बांडी होती, भागू होती, आणि भागू बाळसे धरू लागली होती.

आणि मग एका सकाळी खरोखरच ऊन पडले. ओढे चमकू लागले, गवतातून वाफ निघू लागली. हैबती अनवाणी धावत वेल्ह्याला उतरला. समितीचा चहा चालला होता. तोरण्याच्या माथ्यावर एक ढग बसला होता. तो संस्थानच्या हद्दीत धरावा की पलीकडच्या, यावर थोडी चर्चा झाली, पण तेवढ्यात ढगच निघून गेला आणि समितीपुढे इलाज उरला नाही. 'आज रोजी उघडीप आहे, सबब अग्न्यस्त्र बाहेर काढण्यास हरकत नाही' असा दाखला, सही-शिक्क्यानिशी, हैबतीच्या हातात पडला. तोवर सावल्या लांबल्या होत्या.

तो अर्ध्या वाटेवर असताना पावसाने पुन्हा गाठले. दाखला भिजेल म्हणून त्याने तो घोंगडीखाली, छातीशी धरला. ओढ्याच्या वळणावर गस्तीचा हवालदार उभा होता. घोंगडीखाली हात दिसला की अडवायचे, असा त्याला हुकूम होता.

"काय लपवलंय?"

"उघडिपीचा दाखला हाय, हवालदार."

"उघडिपीचा दाखला आन् झाकून? भाईर काढ. उघडून दाखव."

हैबतीने तो काढला, उघडला आणि पावसात धरून दाखवला. हवालदार वाचायला लागेपर्यंत शाई ओघळून हैबतीच्या मनगटावर आली.

"कोरा कागद घिऊन कशाला हिंडतूस?" हवालदार म्हणाला, आणि त्याने सोडून दिले. माणूस चांगला होता.

हैबती घरी पोचला तेव्हा भामाबाई उंबऱ्यात बसली होती. तिच्या हातात बांडीचे दावे होते, तुटलेले. सकाळचे ऊन बघून बांडी ओरडू लागली होती. किती दिवस बांधून ठेवलेले जनावर. भामाबाईने तिला घरापुढच्या गवतात सोडले आणि दावे खुंटीला लांब बांधले. नवरा दाखला घेऊन येईल, बंदूक बाहेर निघेल, असे तिने धरले होते. त्याऐवजी धुके आले, आणि धुक्यातून वाघरू आले. बंदूक तिच्या पाठीमागे मेढीला होती. तिने ती काढलीही होती, पण दारू कशी ठासायची हे तिला कधी कोणी शिकवले नव्हते.

आत भागू रडत होती. खूप वेळ रडली. दारात कोणी येऊन उभे राहिले नाही. भामाबाईने भाकरीचा तुकडा पाण्यात कुस्करून तिच्या ओठाला लावला, तो तिने थुंकून टाकला. आम्हाला थट्टा करायची सवय आहे, पण इथे ती करवत नाही, म्हणून पुढे जातो.

दुसऱ्या दिवशी भामाबाई नातीला घोंगडीखाली पोटाशी धरून वेल्ह्याला उतरली आणि सरळ समितीच्या बैठकीत जाऊन उभी राहिली. वाटेत हवालदाराने घोंगडी उघडायला लावली होती, तेव्हा लेकरू भिजले होते. हवालदाराच्या वर्दीवरून, दाखल्याची शाई दाखला रद्द झाल्यावर ओघळली की त्यापूर्वी, हा मुद्दा समितीपुढे चालू होता.

"बाई, मूल फार रडतंय," बापूसाहेब म्हणाले.

"भुकी हाय. तिची शेळी वाघरानं नेली."

"फार वाईट झालं. पण नेमकी केव्हा नेली? उघडीप असताना, की उघडीप संपल्यावर?"

"म्या काय आभाळाकडं बगत हुते व्हय? म्या शेळीकडं बगत हुते."

चिमाजीराव पुढे झुकले. त्यांना बाईचा साक्षीदार म्हणून उपयोग दिसत होता. "भामाबाई, भिऊ नगा. सांगा, बंदूक उघडी न्यावी का झाकून? तुमी कुनाच्या बाजूच्या?"

भामाबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. एकाच्या डोक्यावर घरातही छत्री उघडी होती, दुसऱ्याच्या मांडीवर अभ्र्यातली होती.

"ह्या लेकराच्या तोंडाच्या बाजूची," ती म्हणाली.

कारकुनाने तिचे मत 'तटस्थ' म्हणून नोंदवले.

बंगल्याच्या मागे ठकुबाईचे घर होते. तिच्या गोठ्यात गाय व्यालेली होती. रडणे ऐकून ती शेणाचे हात धुऊन आली आणि कोणाला न विचारता मूल घेऊन गेली. थोड्या वेळाने रडणे थांबले. बैठकीत शांतता झाल्यामुळे कामकाजाला वेग आला, अशी अध्यक्षांनी समाधानाने नोंद घेतली. भामाबाई त्या दिवसापासून ठकुबाईच्या पडवीत राहिली. गोठा झाडायचा, पाणी भरायचे, आणि त्या बदल्यात नातीला दूध.

श्रावण सरेपर्यंत हैबतीची शेवटची शेळी गेली. हे त्याने प्रामाणिकपणे कचेरीत येऊन सांगितले. मामलेदारसाहेबांनी परवाना पाहिला. कारण, 'वाघरापासून शेळ्यांचे संरक्षण'. शेळ्या नाहीत म्हणजे संरक्षण नाही, आणि संरक्षण नाही तर परवाना कसला? बंदूक सरकारजमा झाली. ती बंगल्याच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवण्यात आली. काच उघडपक्षाच्या समाधानासाठी आणि काचेवर अर्धा पडदा झाकपक्षाच्या. किल्ली बापूसाहेबांच्या जानव्याला. डोंगरात आता एकही बंदूक उरली नसल्याने समितीचे काम पुष्कळच सुकर झाले, आणि तिला मुदतवाढ मिळाली.

राहता राहिले वाघरू. त्याला डोंगरात खायला काही उरले नव्हते, आणि त्याच्या पोटाच्या बाबतीत खुलासा निघालेला नव्हता. ते खाली उतरले.

बापूसाहेबांनी राजधानीहून एक विलायती कुत्रा आणला होता. त्याचे नाव टायगर. एका पावसाळी दुपारी समिती जेवून लवंडली असताना वाघराने बंगल्याच्या ओसरीवरून टायगरला उचलले आणि अंगणातल्या जांभळाखाली बसून खाल्ले. मग जिभल्या चाटत ते ओसरीवर येऊन पहुडले. बाहेर पाऊस होता आणि ओसरी कोरडी होती.

दिवाणखान्यात दोन्ही पक्ष टेबलाखाली एकत्र आले. इतकी एकवाक्यता संस्थानच्या इतिहासात झाली नव्हती. मागच्या खिडकीतून हैबतीला हाक गेली. तो त्या दिवशी नातीला बघायला ठकुबाईकडे आलेला होता. खिडकीची एक फळी उघडी होती, तीतून त्याने तोंड आत घातले.

"हैबती, बंदूक घे," बापूसाहेब कुजबुजले. त्यांनी किल्ली जानव्यासकट त्याच्याकडे फेकली. "दारू, छरे, सगळं कपाटात आहे. लवकर ठास आणि घाल गोळी."

हैबतीने किल्ली उचलली नाही. त्याने मान मागे वळवून आभाळाकडे पाहिले. पाणी त्याच्या कपाळावरून भुवयांत उतरत होते.

"उघडीप न्हाई, सायेब."

"अरे, उघडीप मरू दे."

"तसं कसं? कायदा हाय. दाखला द्या, मंग काढतू बंदूक."

चिमाजीरावांनी टेबलाखालूनच लेखणी मागितली. "लिवतो, आत्ता लिवतो. उघडीप हाय, लख्ख उघडीप हाय." त्यांनी सही केली. कागद बापूसाहेबांकडे सरकवला, आणि बापूसाहेबांनी सवयीप्रमाणे तो वाचून पाहिला.

"यात 'उघडीप' शब्द दोनदा आला आहे," ते म्हणाले. "एकदा घालून चालेल."

"दोनदाच राहील," चिमाजीराव म्हणाले.

त्यावर दोघांचा आवाज चढला. ओसरीवरचे वाघरू त्या आवाजाने कंटाळून उठले, अंग झाडले आणि पावसातून विंझरच्या रस्त्याने सावकाश निघून गेले. हैबती ठकुबाईच्या पडवीत जाऊन नातीशेजारी बसला. त्याच्याकडे राखायला दुसरे काही उरले नव्हते.

विंझरचा रस्ता पुढे कुठे जातो, हे पुण्याच्या वाचकांना सांगायला नको. वाघरू त्या दिवसापासून तुमच्या दिशेने चालले आहे. पण घाबरण्याचे कारण नाही. समिती अजून बसते आहे, आणि तिने जनतेची मते मागवली आहेत. आम्ही ही हकीकत इथवर ज्याला ज्याला सांगितली, त्या प्रत्येकाने शेवटी आम्हाला एकच प्रश्न विचारला, की मग तुमचे स्वतःचे मत काय, बंदूक उघडी न्यावी की झाकून? बांडी गेल्यावर त्या रात्री भागू काय प्यायली, हे अजून कोणी विचारलेले नाही. आपण ते विचारणार होता, असे आपण आता म्हणाल. जरूर म्हणावे. फक्त म्हणताना आपली छत्री उघडी आहे की अभ्र्यात, तेवढे एकदा बघून घ्यावे.